आशियाई क्रीडा स्पर्धांतील भारताची पदके

आशिया खंडातील देशांसाठी साधारणपणे दर चार वर्षांनी भरणाऱ्या आशियाई क्रीडा स्पर्धांत भारताने १९५१ पासून प्रत्येक वेळी भाग घेतला असून एकाही स्पर्धेतून तो सुवर्णपदकाविना परतलेला नाही. पहिली स्पर्धा मार्च १९५१ मध्ये नवी दिल्लीत झाली. तीत जलतरणपटू सचिन नाग यांनी १०० मीटर शर्यत जिंकून भारताला पहिले सुवर्ण मिळवून दिले आणि १५ सुवर्णांसह एकूण ५१ पदके घेऊन भारत पदकतक्त्यात, म्हणजे सुवर्णपदकांच्या संख्येनुसार लावलेल्या देशांच्या क्रमवारीत, जपानच्या खालोखाल राहिला. हे दुसरे स्थान त्याला पुन्हा मिळालेले नाही.

१९७४ मध्ये चीन स्पर्धेत उतरला आणि चुरस वाढली. १९८२ च्या दिल्ली स्पर्धेत भारताने ५७ पदके मिळवली खरी, पण १९८६ मध्ये सोलला मिळालेल्या ५ सुवर्णांपैकी ४ पी. टी. उषा यांच्या धावण्यातून (त्यांतले एक रिले संघासोबत) आली, आणि १९९० मध्ये बीजिंगला तर कबड्डीचे एकच सुवर्ण हाती लागले. कबड्डीचा पदकांच्या खेळांत समावेश त्याच वर्षी झाला होता. तो झाला नसता, तर सुवर्णाची अखंड परंपरा तिथेच खंडित झाली असती. पुरुष संघाने १९९० पासून २०१४ पर्यंत ओळीने ७ सुवर्णे जिंकली. २०१८ मध्ये इराणने उपांत्य फेरीत ही मालिका तोडली.

२०२३ मध्ये भरलेल्या हांगझोऊ स्पर्धेच्या समारोपाला भारताच्या नावावर २८ सुवर्णांसह १०७ पदके होती. शंभरी प्रथमच ओलांडली गेली, स्थान चौथे आले. मात्र दोन काळांची तुलना नुसत्या आकड्यांवर करणे योग्य नाही, कारण १९५१ मध्ये पणाला लागलेली सुवर्णपदके ५७ होती आणि त्यांतील चौथ्या हिश्श्याहून अधिक भारताकडे आली, तर हांगझोऊत ४८१ सुवर्णांपैकी भारताचा वाटा सुमारे ६ टक्के होता. असे असले तरी अलीकडच्या यशाचा पाया अधिक रुंद आहे. कंपाउंड तिरंदाजीत, म्हणजे टोकांना कप्प्या बसवून ताण हलका केलेल्या धनुष्याच्या प्रकारात, पाचही सुवर्णे भारताने घेतली आणि त्यांपैकी तीन सुवर्णांत नागपूरच्या ओजस देवतळे यांचा सहभाग होता. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी ३,००० मीटर स्टीपलचेस ही अडथळे व पाण्याचा खड्डा ओलांडण्याची शर्यत जिंकली, शिवाय ५,००० मीटरमध्ये रौप्य मिळवले. कबड्डीची दोन्ही सुवर्णेही याच स्पर्धेत भारताकडे परत आली.