कीबोर्डवर मराठी कुठं असतं?

गेल्या दिवाळीत भाचीने विचारलं, "मामा, टॅबला जोडायला कीबोर्ड घ्यायचाय. कुठला घेऊ?" मी लगेच सुरू झालो. ब्लूटूथ की वायरचा, एकदा चार्ज केल्यावर किती दिवस चालतो, बटणं टकटक वाजणारी हवीत की मऊ, टॅब आणि मोबाईल दोन्हींना जोडता येतो का. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते ठीक आहे रे. पण यावर मराठी कुठंय?"

प्रश्न रास्त होता. ती मराठीत एम.ए. करते आणि तिला शंभरेक पानांचा प्रबंध लिहायचाय. मोबाईलवर अंगठ्यांनी ती माझ्या तिप्पट वेगाने लिहिते, पण शंभर पानं अंगठ्यांनी लिहून होत नाहीत. आणि दुकानातल्या प्रत्येक कीबोर्डवर तीच इंग्रजी अक्षरं छापलेली. मराठी त्यात कुठे दडलंय, हे सांगायचं तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात ख्रिस्तोफर लॅथम शोल्स आणि त्याच्या साथीदारांनी १८६८ मध्ये टाइपरायटरचं पेटंट घेतलं. १८७४ पासून रेमिंग्टन कंपनी ते यंत्र विकू लागली. ही कंपनी तोवर बंदुका आणि शिलाई मशिनं बनवायची. पहिल्या यंत्रावर फक्त कॅपिटल अक्षरं उमटत. १८७८ च्या 'रेमिंग्टन नंबर २'मध्ये शिफ्टचं बटण आलं आणि एका बटणावर दोन अक्षरं मावायला लागली. तुमच्या लॅपटॉपवरचं शिफ्ट हे त्याच यंत्राचं वारस. अक्षरांची क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय ही मांडणीही तिथलीच. पुढे १९३६ मध्ये ऑगस्ट ड्वोरॅक यांनी बोटांना कमी धावायला लावणारी वेगळी मांडणी पेटंट करून दाखवली. पण तोवर टायपिस्टांच्या पिढ्या जुन्या मांडणीवर तयार झाल्या होत्या. बसलेली बोटं कोण उठवणार? जुनीच टिकली.

हे यंत्र देवनागरीसमोर आलं तेव्हा अडचण गणिताची होती. बटणं साधारण पंचेचाळीस. शिफ्ट धरून नव्वदच्या आसपास खुणा. इंग्रजीला एवढ्यात अक्षरं, आकडे, विरामचिन्हं सगळं पुरतं. आपल्याकडे स्वर, व्यंजनं, काना-मात्रा-वेलांट्या, त्यावर अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरं. मग तोडगा निघाला तो अक्षरं तोडण्याचा. ण, श, भ, थ यांसारख्या अक्षरांना उजवीकडे उभा दांडा असतो. यंत्रावर दांड्याशिवायचा अर्धा तुकडा ठेवला आणि दांड्यासाठी काना वापरला. अर्धा श् आणि काना मिळून एक श. तेच अर्धं अक्षर जोडाक्षरालाही कामी येतं, म्हणजे एका बटणात दोन कामं. आणि ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे येते म्हणून ती आधी मारायची. तोंडाने आपण 'द' आणि मग 'इ' म्हणतो. बोटांनी मात्र आधी वेलांटी आणि मग द.

थोडक्यात, टाइपरायटरवर आपण मराठी लिहीत नव्हतो, मराठीचं चित्र जोडत होतो. ही मांडणी आजही 'रेमिंग्टन' याच नावाने ओळखली जाते.

यंत्राला लिपी जमत नसेल तर लिपीच बदलावी, असंही मोठ्या माणसांनी सुचवलं. सावरकर आणि काकासाहेब कालेलकर यांनी 'अ'च्या बाराखडीचा पुरस्कार केला. इ, ई, उ, ऊ ही वेगळी अक्षरं टाकून अ ला वेलांटी-उकार लावून 'अि', 'अी', 'अु' लिहायचं. खिळे कमी, बटणं कमी. जुन्या पुस्तकांत अशी छपाई कधी दिसली तर ती चूक समजू नका. तो यंत्राशी केलेला तह होता. तो टिकला नाही.

टिकला तो टाइपरायटर. १९५५ मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. गावोगावी एसटी स्टँडजवळ टायपिंग इन्स्टिट्यूट उघडल्या. मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द मिनिटाला हे सर्टिफिकेट म्हणजे लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी नोकरीची पायरी. कोर्टाबाहेर झाडाखाली बसून प्रतिज्ञापत्रं टाइप करणाऱ्यांचे संसार या यंत्रावर चालले. गोदरेजने २००९ पर्यंत ही यंत्रं बनवली, अगदी अखेरच्या काळातही वर्षाला दहा-बारा हजार.

दरम्यान कॉम्प्युटर आला आणि एक मूलभूत गोष्ट बदलली. टाइपरायटरमध्ये बटण म्हणजे आकार. बटणामागे लोखंडी दांडी, दांडीच्या टोकाला अक्षर. कॉम्प्युटरमध्ये बटण फक्त एक संकेत पाठवतं, आकार कसा काढायचा ते यंत्र ठरवतं. म्हणजे अक्षर तोडायची गरजच संपली. आयआयटी कानपूरमध्ये या दिशेने काम झालं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये ते वाढलं. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 'इन्स्क्रिप्ट' ही मांडणी प्रमाण म्हणून ठरवली.

इन्स्क्रिप्ट ज्याने आखली त्याच्या डोक्यात शाळेतली बाराखडी पक्की असणार. डाव्या हाताकडे मुख्यतः स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजनं. के वर क, शिफ्ट धरून ख. आय वर ग, शिफ्ट धरून घ. वेलांटी उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर. 'मराठी' शब्दाला म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी असे पाचच ठोके. शिवाय बंगाली, गुजराती, कन्नड, तमिळ यांतही क त्याच बटणावर.

तरीही ती घरोघरी गेली नाही. क्लासमध्ये आणि कचेऱ्यांत रेमिंग्टनचा हात बसलेला होता. त्यामुळे बरीच वर्षं कॉम्प्युटरवरही जुन्या पद्धतीचे फाँट चालले. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी तुकडा बसवलेला असे. तो फाँट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसला, की अख्ख्या कादंबरीच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसायची. त्या काळातला कितीतरी मराठी मजकूर आजही असा अडकून पडलाय. सर्चमध्ये सापडत नाही, मोबाईलवर उघडत नाही.

सुटका केली युनिकोडने. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे आणि तिची मांडणी भारतीय 'इस्की' प्रमाणावरूनच घेतलेली. विंडोज २००० मध्ये देवनागरी आणि इन्स्क्रिप्ट आतूनच मिळू लागलं. पण मराठीचा खास 'ॲ' युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे यायला २००८ उजाडलं. 'ॲप' हा शब्द आज आपण दिवसातून दहादा लिहितो. त्यातलं पहिलं अक्षर वयाने तुमच्यापैकी काहींपेक्षा लहान आहे.

आणि मग आली तुमची-आमची सवयीची पद्धत. इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहायचा, यंत्र त्याचं मराठी करतं. मित्राला मेसेज करायला याहून सोपं काही नाही. पण के-ए-एल असं लिहिलं तर ते काल, काळ, कळ की कल? मोबाईलवर सुचवलेल्या शब्दांच्या पट्टीतून आपण निवडतो. बाहेरचा कीबोर्ड जोडल्यावर त्या पट्टीसाठी दर शब्दाला हात उचलावा लागला, तर कीबोर्ड घेतलाच कशाला? घाईत जे सुचवलं ते ठेवलं जातं. शंभर पानांच्या प्रबंधात काल आणि काळ यांतला फरक अंदाजावर सोडणं परवडणारं नाही.

म्हणून भाचीला मी शेवटी उलट्या क्रमाने सांगितलं. आधी मांडणी ठरव, मग कीबोर्ड. फक्त मेसेज आणि छोट्या पोस्ट लिहायच्या असतील तर उच्चाराची पद्धत पुरे. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिकही आहे. टाइपरायटर शिकलेली असतीस तर रेमिंग्टन चालवली असतीस. पण कोरी पाटी घेऊन पानंच्या पानं लिहायची असतील तर इन्स्क्रिप्ट शिक. रोज अर्धा तास, सुरुवातीला चिडचिड होईल.

आणि इन्स्क्रिप्ट ठरलं की खरेदीचे निकष बदलतात. टॅबसाठीचे छोटे कीबोर्ड जागा वाचवताना उजव्या टोकाची बटणं बारीक करतात किंवा दुसऱ्या बटणाआड लपवतात. इंग्रजीत तिथे अर्धविराम, अवतरण, कंस असतात, फारसं अडत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये नेमका तिथेच च, ट आणि ड आहे. स्वल्पविरामाच्या पलीकडे य. उलट्या तिरक्या रेघेच्या बटणावर 'डॉक्टर'मधला ॉ. साधी 'चटणी' लिहायची तर पहिली दोन अक्षरं त्या कोपऱ्यातली. शिवाय ख, घ, थ, ध आणि सगळे सुटे स्वर शिफ्टवर, म्हणून दोन्हीकडचं शिफ्ट ऐसपैस हवं. पैसे देण्याआधी टॅबच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या कीबोर्डसाठी मराठीची ही मांडणी दिसते का, ते बघायचं. बॅटरी, रंग, आवाज हे सगळं त्यानंतर. छापील मराठी अक्षरं नसली तरी बिघडत नाही. सुरुवातीला देवनागरी स्टिकर लावायचे, पुढे त्यांच्याकडे बघावं लागत नाही.

तिने थोडा मोठा, पिशवीत जेमतेम मावणारा कीबोर्ड घेतला. दोन दिवस काही कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला: "मामा, हे लिहायला चार मिनिटं लागली. आईला सांग, चटणी संपली."

एकही अक्षर चुकलं नव्हतं. ळ आणि ण दोन्ही जागच्या जागी असलेल्या प्रबंधाची मी आता वाट बघतोय.