निवळ सुराची वाट : गिटार, ॲम्प्लिफायर आणि खानदेशातील गायनवृंद

पावसाळ्यात तापी आणि गिरणा या नद्यांचे पाणी गढूळ होऊन वाहते. ते घागरीत भरून ठेवले, त्यात तुरटी फिरवली की गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी निवळते. सुरांचेही असेच आहे. वाद्यातून निघालेला सूर विजेच्या साधनांमधून जाताना त्यात गाळ मिसळतो. तो गाळ न मिसळता सूर जसाच्या तसा श्रोत्यांपर्यंत पोहोचवणे याला वादक मंडळी ‘क्लीन टोन’ म्हणतात. आपण त्याला निवळ सूर म्हणू. आज जळगाव, भुसावळ वा धुळे येथील तरुण वादकाला संगणकीय ॲम्प्लिफायर सहज विकत घेता येतो. मात्र त्यातून निवळ सूर कसा काढावा हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही. उपासनेत वाद्याचे स्थान कोणते, या जुन्या प्रश्नाशी तो जोडलेला आहे. म्हणून त्याचा इतिहास पाहणे उपयोगाचे ठरेल.

खानदेशात पाश्चात्त्य वाद्ये येण्याचा एक मोठा मार्ग लोहमार्गाचा होता. १८५३ साली मुंबई ते ठाणे धावलेली गाडी पुढे थळ घाट ओलांडून तापीच्या खोऱ्यात उतरली आणि १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंतचा मार्ग पूर्ण झाला. भुसावळ हे मोठे जंक्शन बनले. रेल्वेच्या नोकरीनिमित्त अँग्लो-इंडियन, गोवेकर व दक्षिणेकडील ख्रिस्ती कुटुंबे अशा गावांत स्थिरावली, आणि त्यांच्या सामानात प्रार्थनापुस्तकाबरोबर व्हायोलिन, मेंडोलिन, गिटार ही वाद्येही आली. गोव्यात तर १६व्या शतकापासून चर्चच्या शाळांमधून स्वरलेखन शिकवले जात असे. त्याच शिकवणुकीतून पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताला ॲन्थनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे वाद्यवृंद-रचनाकार लाभले.

पण चर्चच्या आत कोणते वाद्य वाजावे याविषयी ख्रिस्तसभा सावध होती. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी काढलेल्या आदेशात पियानो, ढोल, झांजा अशा वाद्यांना चर्चमध्ये मनाई केली. बँडलाही चर्चमध्ये बंदी होती. चर्चबाहेरच्या मिरवणुकीत मात्र धर्माधिकाऱ्यांच्या परवानगीने, लौकिक गाणी वगळून, बँड वाजवता येत असे. सणाच्या मिरवणुकीत बँड आणि मिस्सेच्या वेळी ऑर्गन वा बाजाची पेटी, ही जी वाटणी आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होती तिचे मूळ येथे सापडते.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. त्यात पाइप ऑर्गनचा मान राखला गेला, पण इतर वाद्यांनाही दार उघडले गेले. ती पवित्र कार्यास योग्य असावीत किंवा योग्य करता यावीत, मंदिराच्या प्रतिष्ठेला साजेशी असावीत आणि त्यांनी भाविकांची आध्यात्मिक उन्नती साधावी, अशी अट होती. ५ मार्च १९६७ च्या संगीतविषयक सूचनापत्राने ही अट अधिक नेमकी केली : वाद्यांनी आवाजाला आधार द्यावा, सहभाग सुलभ करावा, परंतु गायकांचे आवाज असे झाकू नयेत की शब्दच कळू नयेत. निवळ सुराच्या आपल्या चर्चेत हे वाक्य मध्यवर्ती आहे. पुढे १९८७ साली नाशिक धर्मप्रांताची स्थापना झाली, येशूसंघीय थॉमस भालेराव हे त्याचे पहिले बिशप झाले, आणि खानदेशातील धर्मग्रामांना मराठी उपासनेच्या वाटचालीसाठी जवळचे केंद्र मिळाले. त्या सुमारास देशभरच्या गायनवृंदांत गिटार रुळले होते.

आता यंत्राकडे वळू. विद्युत गिटारचा जन्म निवळ सुराच्याच गरजेतून झाला. वाद्यवृंदाच्या गलक्यात गिटार ऐकू येत नसे. अमेरिकेत जॉर्ज बोशां यांनी चुंबक आणि तारेच्या वेटोळ्याच्या साहाय्याने तारेची कंपने विजेत रूपांतरित केली, आणि १९३२ च्या सुमारास रिकनबॅकरचे पहिले विद्युत गिटार बाजारात आले. ते हवाईयन पद्धतीचे, मांडीवर आडवे ठेवून वाजवायचे वाद्य होते. हीच हवाईयन गिटार भारतीय श्रोत्यांना सर्वांत आधी भावली, कारण तिच्यावर मींड घेता येते. लखनऊच्या ख्रिस्ती कुटुंबातून आलेले व्हॅन शिपली यांनी विद्युत गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघरी पोहोचल्या. त्या वादनात शब्द नसतानाही गाणे ओळखू येई, कारण सूर निवळ होता.

त्या काळचे ॲम्प्लिफायर काचेच्या व्हॉल्व्हचे होते. प्रत्येक ॲम्प्लिफायरला एक कमाल मर्यादा असते. आत येणारा संदेश त्या मर्यादेपेक्षा मोठा झाला की ध्वनिलहरीचे शेंडे छाटले जातात आणि मूळ सुरात नसलेले नवे स्वरांश त्यात मिसळतात. हाच तो गाळ. प्रारंभी अभियंते त्याला दोष मानत. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९६३ मध्ये आणलेला, सुमारे ८५ वॅट शक्तीचा ट्विन रिव्हर्ब हा मोठ्या आवाजातही स्वच्छ राहण्यासाठी नावाजला गेला. १९७५ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीने जेसी-१२० हा ट्रान्झिस्टरवर चालणारा ॲम्प्लिफायर आणला. निवळ सुराच्या बाबतीत तो आजही प्रमाण मानला जातो.

परंतु दरम्यानच्या काळात जगाची आवड बदलली. १९५८ पासून, आणि विशेषतः १९६२ मध्ये ‘फझ’ची पेटी बाजारात आल्यावर, तो दोषच रॉक संगीताचा अलंकार झाला. आपल्याकडेही १९७० च्या दशकातील चित्रपटगीतांतून विद्युत गिटारचा तो नवा, झणझणीत आवाज गावोगाव पोहोचला. वडीलधाऱ्यांच्या मनात गिटार आणि गोंगाट यांची जी सांगड बसली ती यातूनच. गोंगाट वास्तविक वाद्याचा नव्हता, ॲम्प्लिफायरच्या वापराचा होता. असा अन्याय वाद्यांच्या बाबतीत नवा नाही : ज्या बाजाच्या पेटीशिवाय आपले मराठी भक्तिगायन कल्पनेतही येत नाही, तिलाही आकाशवाणीने १९४० मध्ये बंदी घातली होती आणि ती १९७१ मध्ये सैल केली.

संगणकीय मॉडेलिंग ॲम्प्लिफायर हा या प्रवासाचा पुढचा टप्पा. रोलँडची व्हीजी-८ ही प्रणाली १९९५ मध्ये आली. लाइन सिक्स कंपनीचा ॲक्सिस २१२ हा ॲम्प्लिफायर १९९६ मध्ये, आणि पॉड ही लहानशी पेटी १९९८ मध्ये. गिटारचा संदेश सेकंदाला ४४,१०० वा ४८,००० वेळा मोजून त्याचे आकडे करायचे. जुना ॲम्प्लिफायर त्या संदेशाचे काय करील याचे गणित मांडायचे. आणि उत्तर पुन्हा आवाजात बदलायचे, अशी ही पद्धत आहे. येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. हे तंत्र जुन्या यंत्रांचे दोष हुबेहूब उतरवण्यासाठी जन्मले. साहजिकच कारखान्यातून भरून आलेले बहुतेक आवाज दुकानात प्रथमदर्शनी दिपवणारे, भरपूर घुमणारे आणि फाटलेले असतात. निवळ सूर आत असतो, पण तो शोधावा लागतो.

तो शोधण्याची वाट अवघड नाही. ट्विन किंवा जेसी यांच्या धर्तीचा स्वच्छ नमुना निवडावा. ‘गेन’ कमी ठेवून मोठेपणा ‘मास्टर’ने वाढवावा. संगणकीय यंत्रात मर्यादा ओलांडली तर व्हॉल्व्हसारखा मऊ छाट बसत नाही, कर्कश करकर होते. म्हणून सर्वांत जोरात झंकार वाजवून पाहावा आणि आत येणारा संदेश मर्यादेच्या बराच खाली ठेवावा. गिटारचा पिकअप फार जोरकस असेल तर तो तारांपासून थोडा दूर करावा. ॲम्प्लिफायरची तार थेट चर्चच्या मिक्सरला जोडायची असेल तर स्पीकरपेटीची प्रतिकृती चालू ठेवावी, कारण गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे स्वर फारसे देत नाही आणि ही गाळणी काढली की सूर बोचतो. गिटारच्या स्वतःच्या स्पीकरमधून वाजवताना ती प्रतिकृती बहुधा बंद करावी लागते. विजेच्या जोडणीला नीट अर्थिंग नसेल तर घुंघुं आवाज येतो. त्यावर यंत्रातील कोणतेही बटण हा खरा उपाय नव्हे.

जागेचाही विचार हवा. उंच छताच्या, दगडी भिंतींच्या चर्चमध्ये प्रतिध्वनी मूळचाच असतो. तेथे यंत्राचा ‘रिव्हर्ब’ जवळजवळ शून्यावर आणावा आणि खर्ज कमी करावा. सणाच्या दिवशी उघड्या मंडपात मिस्सा होते तेव्हा मात्र सूर कोरडा पडतो, तेथे थोडा रिव्हर्ब शोभतो. शब्दांचा स्पष्टपणा ज्या व्यंजनांवर अवलंबून असतो त्यांचे बळ मुख्यतः २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. गिटारचा तीक्ष्ण भाग नेमका त्याच पट्ट्यात पडतो. तो किंचित उतरवला की प्रतिसाद स्तोत्रातील ओळ शेवटच्या बाकापर्यंत पोहोचते. १९६७ च्या सूचनापत्रातील ती अपेक्षा अशा रीतीने एका बटणाच्या अर्ध्या फेऱ्यात पाळली जाऊ शकते.

निवळ सुराचा एक गुण मात्र कित्येक वादकांना भीतिदायक वाटतो. त्याच्या मागे लपता येत नाही. फाटलेल्या आवाजात बेसूर तार, ढिला ताल, अर्धवट दाबलेला स्वरमेळ झाकला जातो. निवळ सुरात सारे उघडे पडते. म्हणून यंत्राआधी तारा जुळवणे आणि सराव करणे आले. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा तारा उतरतात, लाकूडही हलते. मिस्सेपूर्वी वाद्य जागेवर आणून थोडा वेळ ठेवावे आणि मगच जुळवावे.

खानदेशाला स्वतःचे सूर आहेत. अहिराणी ओव्या आहेत, सातपुड्याकडील भिल्ल-पावरा बांधवांची गीते आहेत, त्यांची पावरी आहे. विश्वपरिषदेने अशा स्थानिक संगीतपरंपरांना योग्य तो मान देण्यास सांगितले आहे. गढूळ गिटार या कोमल सुरांना बुडवील. निवळ गिटार त्यांच्या शेजारी बसू शकेल. गायनवृंदातील तरुणांना गिटार हवी असते आणि ज्येष्ठांना शब्द ऐकू यावेत असे वाटते. या दोन इच्छा परस्परविरोधी नाहीत. ज्या धर्मग्रामात गिटार नको म्हणून तरुण हात चर्चबाहेर राहतात तेथे नुकसान उपासनेचे होते. आणि ज्या धर्मग्रामात गिटारखाली आजीची प्रार्थना बुडून जाते तेथेही नुकसान उपासनेचेच होते. आपल्या धर्मग्रामातील ज्येष्ठ आणि तरुण एका रविवारी मिस्सेनंतर एकत्र थांबले, एकाने वाजवावे आणि दुसऱ्याने शेवटच्या बाकावर बसून शब्द कळतात का ते सांगावे, एवढे केले तरी या वादाचा पुष्कळसा गाळ तळाशी बसेल.