पासावरचा चेहरा आणि भिंतीवरचा चेहरा

कामगाराचा फोटो पुष्कळदा प्रथम काढला जातो तो कारखान्याच्या पासासाठी. चेहरा त्याचा, सोय मालकाची. असे पास आम्ही शेकड्यांनी हाताळले आहेत. म्हणूनच दक्षिण आफ्रिकेतील झानेले मुहोली यांच्या छायाचित्रांची हकीकत श्रोत्यांपुढे मांडावी असे आम्हांस वाटले.

त्या देशात पास म्हणजे गुलामीचा पट्टाच होता. १९५२ च्या कायद्याने काळ्या माणसाला फोटो, बोटांचे ठसे आणि नोकरीची नोंद असलेले पुस्तक सदैव जवळ बाळगावे लागे. त्याविरुद्ध १९५६ साली सुमारे २०,००० स्त्रिया प्रिटोरियात सरकारच्या दारी धडकल्या. तरी पास रद्द व्हावयास १९८६ साल उजाडले. मुहोली यांचा जन्म १९७२ चा, दरबानजवळील उमलाझी वस्तीतला. आई बेस्टर हिने एका गोऱ्या कुटुंबात ४२ वर्षे मोलकरणीचे काम केले.

पुढे वर्णद्वेषी राजवट गेली. १९९६ च्या राज्यघटनेने लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई केली. २००६ साली समलिंगी विवाह कायदेशीर झाला. आफ्रिका खंडात तो मान या देशाचा पहिला. परंतु करारातले कलम आणि खात्यातला अंमल यांमधले अंतर कामगारास का सांगावयास हवे? राष्ट्रीय संघातून फुटबॉल खेळलेल्या, उघडपणे समलिंगी म्हणून जगणाऱ्या युडी सिमेलाने यांचा २००८ साली निर्घृण खून झाला.

२००६ सालीच मुहोली यांनी एक चित्रमालिका हाती घेतली. तिचे नाव आपल्या भाषेत ‘चेहरे आणि टप्पे’ असे होईल. काळ्या समलिंगी स्त्रिया आणि जन्मतः नेमून दिलेल्या लिंगाच्या चौकटीत न मावणारी माणसे यांची ही कृष्णधवल चित्रे. नजर बहुधा थेट आपल्यावर रोखलेली. आरंभीचे चित्र बुसी सिगासा या कवयित्रीचे. पुढल्याच वर्षी त्या वारल्या. मुहोली या माणसांना ‘सहभागी’ म्हणतात. मुहोली स्वतः याच समाजातले. त्यामुळे ओळख, विश्वास आणि संमती आधी, कॅमेरा मागाहून. काहींची चित्रे वर्षांनंतर पुन्हा काढली आहेत. २०१४ साली ग्रंथ निघाला तेव्हा चित्रांची संख्या अडीचशेवर गेली होती.

विरोधही झाला. २००९ साली जोहान्सबर्गच्या एका प्रदर्शनातून खुद्द सांस्कृतिक खात्याच्या मंत्रिणीच मुहोली यांची चित्रे अनैतिक म्हणून निघून गेल्या. २०१२ साली केप टाउनमधील राहत्या घरी चोरी होऊन कित्येक वर्षांचे साठवलेले काम गेले. काम मात्र थांबले नाही.

कोणी विचारील, जेथे जिवाला धोका तेथे तोंड दाखवावे कशाला? प्रश्न खोटा नाही, आणि कोणावर सक्ती करण्याचा अधिकार कोणास नाही. पण संघटनेचा अनुभव असा की, गुप्त सभासद वर्गणी देईल, सहानुभूती देईल. वाटाघाटीच्या टेबलावर त्याची मोजणी करता येत नाही. पटावर उघड सही करणारा पहिला माणूस मागच्या शंभरांची वाट मोकळी करतो. सरकारी पासात फोटो सक्तीने चिकटवला जाई; येथे माणूस आपण होऊन समोर बसला आहे. दोन्ही चेहरेच, पण एक नोंद ताब्यात ठेवण्यासाठी, दुसरी हक्क सांगण्यासाठी.

प्रदर्शनात ही चित्रे रांगांनी लावतात आणि मध्ये काही जागा मोकळ्या ठेवतात. त्यांतल्या काही आता या मालिकेत नसलेल्यांच्या. काही अजून यावयाच्या आहेत त्यांच्या. असा पट आम्ही पुरा भरला म्हणत नाही. चालू आहे म्हणतो.