गोळी कुणाची, योजना कुणाची?

कानात हेडफोन घालून तासभर बसणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर.

तुमच्यापैकी अनेकांचा एकच प्रश्न असतो: आरोग्याच्या पावडरी आणि गोळ्या विकणाऱ्या या साखळी कंपन्यांच्या मागे नेमकं असतं कोण? आपल्याला दिसतो तो साखळीतला शेवटचा माणूस, आणि तो बहुधा ओळखीतलाच निघतो. मावसबहीण, शाळेतला मित्र, सोसायटीतल्या काकू. त्यांच्या वरचा 'अपलाइन' एखाद्या हॉलमधल्या मीटिंगला कोट घालून येतो. त्याच्याही वर कोण? हे शोधायला मी थेट मुळाशी गेलो. अशा धंद्यांतली साधारणपणे पहिली मानली जाते ती कॅलिफोर्नियातली न्यूट्रिलाइट.

तिचा संस्थापक कार्ल रेनबोर्ग. हा माणूस नोकरी-व्यवसायानिमित्त बरीच वर्षं चीनमध्ये राहिला. तिथल्या अशांततेच्या काळात खाण्याचे हाल झाले आणि त्यातून पालेभाज्यांच्या अर्काची कल्पना सुचली, अशी गोष्ट कंपनी सांगत आली. 1934 साली त्याने कॅलिफोर्निया व्हिटॅमिन्स नावाने धंदा मांडला आणि 1939 मध्ये त्याचं नाव न्यूट्रिलाइट झालं. माल काय? लसूणघास (हो, आपण जनावरांना घालतो तोच), वॉटरक्रेस आणि पार्सली या पाल्यांचा अर्क आणि कृत्रिम व्हिटॅमिनं भरलेल्या कॅप्सूल. सोबत खनिजांच्या गोळ्या.

आता इथे नीट लक्ष द्या. रेनबोर्ग माल बनवत होता, पण साखळी त्याने बांधली नाही. 1945 मध्ये विक्रीचे सगळे हक्क दोघांकडे गेले. एक ली मायटिंगर, जो आधी दफनभूमीतल्या जागा विकायचा. दुसरा विल्यम कॅसलबेरी, मानसशास्त्रज्ञ. मरणाची भीती ओळखणारा विक्रेता आणि मन ओळखणारा डॉक्टरेटवाला, अशी ही जोडी. त्यांची योजना अशी, की तुम्ही स्वतः विकलेल्या मालावर कमिशन घ्या आणि तुम्ही आणलेल्या माणसांच्या विक्रीतलाही वाटा घ्या. आज हॉलमध्ये पांढऱ्या बोर्डावर जी वर्तुळं काढून दाखवतात, त्यांचं मूळ इथे आहे.

विक्रेत्यांच्या हातात एक पुस्तिका होती, बरे कसे व्हाल आणि बरे कसे राहाल, अशा अर्थाच्या नावाची. न्यूट्रिलाइटने अनेक रोग बरे झाले किंवा बरे व्हायला मदत झाली, असं तिच्यात सुचवलेलं होतं. 1948 च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 11 ठिकाणी माल जप्त केला. कंपनी कोर्टात गेली. आधी आमचं म्हणणं ऐका, मग जप्ती करा, असा तिचा मुद्दा होता. खालच्या कोर्टात ती जिंकली, पण 1950 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. 1951 च्या तडजोडीच्या हुकुमाने रोग बरे करण्याचे दावे बंद झाले. पण योजनेला कुणी हात लावला नाही!

त्यातच 1949 मध्ये मिशिगनचे दोन मित्र या साखळीत शिरले, रिच डीव्हॉस आणि जे व्हॅन अँडेल. त्यांना आणलं कुणी? व्हॅन अँडेलच्याच एका नातेवाइकाने. पुढे उत्पादक आणि विक्रेते यांच्यात बिनसलं, तेव्हा या दोघांनी 1959 मध्ये स्वतःची कंपनी काढली: अ‍ॅमवे. सुरुवातीला काय विकलं माहितीय? साफसफाईचं द्रावण! आरोग्याच्या गोळ्यांवर वाढलेली साखळी साबणावरही तितकीच छान चालली. 1972 मध्ये अ‍ॅमवेने न्यूट्रिलाइटवरच ताबा मिळवला.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: माल बदलतो, योजना टिकते. नेता शोधायचा असेल तर डब्यावरचा फोटो बघू नका, योजना कुणी आखली ते बघा.

हे नेते पुढे लहान राहिले नाहीत. व्हॅन अँडेल अमेरिकेच्या चेंबर ऑफ कॉमर्सचा अध्यक्ष झाला. 1979 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने अ‍ॅमवे पिरॅमिड नाही असा निर्णय दिला. कारण कागदावरचे नियम: न खपलेला माल परत घेणं, 70 टक्के माल खपल्याशिवाय नवा न उचलणं, किरकोळ गिऱ्हाईक दाखवणं. मात्र त्याच निर्णयात कमाईचे फुगवलेले दावे आणि किमती बांधून ठेवणं चुकीचं ठरवलं गेलं. मीटिंगमध्ये पहिला भाग सांगतात, दुसरा गाळतात. 1983 मध्ये कॅनडात जकात बुडवल्याचा गुन्हा कबूल करून कंपनीने अडीच कोटी कॅनेडियन डॉलर दंड भरला, तोही नाही सांगत.

भारतात अ‍ॅमवेचा व्यवहार 1998 मध्ये सुरू झाला. एप्रिल 2022 मध्ये ईडीने तिच्या 757.77 कोटी रुपयांच्या मालमत्तेवर टाच आणली. साखळीच्या आडून पिरॅमिड चालवल्याचा ईडीचा आरोप आहे. आरोप आणि निकाल यांत फरक असतो, तो मी पुसणार नाही. पण आपल्याकडे 1978 पासून पैशाच्या साखळी योजनांवर बंदीचा कायदा आहे आणि डिसेंबर 2021 चे थेट विक्रीचे नियम प्रवेश फी घ्यायला मनाई करतात. विक्रेत्याने केलेल्या विक्रीबद्दलच्या तक्रारींची जबाबदारीही ते कंपनीवरच टाकतात. "ते आमच्या स्वतंत्र विक्रेत्याने सांगितलं" हे आता पुरत नाही.

तेव्हा घरातलं कुणी डबा घेऊन आलं तर त्याच्यावर चिडू नका, तोही कुणाच्या तरी ओळखीनेच आत आलेला असतो. त्याला शांतपणे तीन गोष्टी विचारा. साखळीबाहेरचे किती जण हा माल विकत घेतात? न खपलेला माल गेल्या वर्षी कुणी परत घेतला, पावती आहे का? आणि ही योजना आखणाऱ्याने याआधी काय विकलं होतं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याला येणार नाही. ते दोघं मिळून शोधा. पुढच्या भागात भेटू.