काडतुसाची मुरड

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या पाठोपाठ आला आणि १८५७ सालीं तो घरोघर माहीत झाला. त्या सालच्या काडतुसाची हकीकत शाळेंतल्या मुलासही पाठ असते: कागदाची पुंगळी, तिच्यावरची चरबी, ती दांतांनीं तोडण्याचा हुकूम. परंतु हिंदुस्थानांत कागदी काडतुसावरून रण माजलें त्याच सुमारास अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत काडतुसाचा कागदच नाहींसा करण्याची खटपट चालू होती, हें फारसें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. त्या खटपटीचा, व तींतून पुढें आलेल्या एका क्षुल्लक दिसणाऱ्या क्रियेचा, वृत्तांत आज वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे. ही क्रिया म्हणजे काडतुसाच्या तोंडाला घालावयाची मुरड. इंग्रजींत तिला क्रिंप म्हणतात; आम्हांस मुरड हाच शब्द अधिक पसंत आहे, कारण करंजी करणाऱ्या प्रत्येक गृहिणीस तिचें मर्म न सांगतां कळेल. करंजीची मुरड सैल राहिली तर सारण तेलांत जातें. काडतुसाची सैल राहिली तर काय होतें, तें पुढें येईलच.

ऑलिव्हर विंचेस्टर हा मूळचा सदऱ्यांचा कारखानदार. न्यू हेवन शहरीं त्याचा धंदा उत्तम चालला असतां त्यानें व्होल्कॅनिक नांवाच्या बंदुकांच्या कंपनींत पैसा घातला, व ती बुडाल्यावर १८५७ सालीं तिची मालमत्ता स्वतःकडे घेतली. व्होल्कॅनिक बंदुकीची कल्पना सुरेख, पण काडतूस दुबळें होतें. गोळीच्याच पोकळ बुडांत दारू भरीत, आणि ती तेथें मावणार किती! विंचेस्टरच्या पदरच्या बेंजामिन टायलर हेन्री या कारागिरानें धातूच्या पुंगळीचें काडतूस घेऊन नवी बंदूक सिद्ध केली, व १६ ऑक्टोबर १८६० रोजीं तिचें पेटंट मिळविलें. मुख्य नळीखालीं तशीच दुसरी नळी, तींत एकापुढें एक ओळीनें काडतुसें, व उजव्या हाताशीं एक तरफ. तरफ खालीं-वर केली कीं रिकामी पुंगळी बाहेर पडे व नवें काडतूस आंत जाई.

हेन्रीच्या काडतुसांत एक उणीव होती. पेट घेणारें द्रव्य पुंगळीच्या बुडाच्या कांठांत भरलेलें असल्यामुळें ती एकदां उडाली कीं निकामी होई. १८७३ च्या विंचेस्टर बंदुकीबरोबर जें ४४-४० नांवाचें काडतूस निघालें (त्यांतील ४० हा आंकडा काळ्या दारूच्या ग्रेनांचा), त्याच्या बुडाच्या मध्यभागीं वेगळी टोपी बसविलेली असे. जळलेली टोपी काढून नवी बसवावी, दारू ओतावी, शिशाची गोळी ठोकावी, कीं पुंगळी पुन्हां तयार. विंचेस्टर कंपनी याचीं हत्यारें बंदुकीबरोबरच विकूं लागली, आणि १८८४ पासून न्यू हेवनच्याच आयडियल कंपनीनें चिमट्याच्या आकाराचें जें साधन काढलें, तें खेडोपाडीं शेतकऱ्यांच्या व शिकाऱ्यांच्या घरांत गेलें. येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. सहज काढतां येणारी जी टोपी अमेरिकेंत रूढ झाली ती बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याची. युरोपखंडांत रूढ झाली ती बर्डन या अमेरिकनाची, व ती काढणें मोठें जिकिरीचें. घरीं काडतुसें भरण्याचा छंद अमेरिकेंत इतका फोफावला, त्याचें निदान एक कारण या अदलाबदलींत आहे असें आम्हांस वाटतें.

ही विद्या गोऱ्या वसाहतवाल्यांपुरतीच राहिली नाहीं. डॉज नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें १८७७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मैदानी प्रदेशांतील मूळ रहिवासी वापरलेल्या पुंगळीच्या बुडाला भोंक पाडून तींत साधी टोपी कशी बसवीत, याचें वर्णन आहे. त्याच्या आदल्याच वर्षीं, २५ जून १८७६ रोजीं, लिट्ल बिगहॉर्न नदीकांठीं लाकोटा व शायेन योद्ध्यांनीं कस्टरची तुकडी कापून काढली होती. सरकारी घोडेस्वारांच्या हातीं एकेक गोळी भरावयाच्या स्प्रिंगफील्ड बंदुका होत्या. समोरच्यांत कित्येकांकडे हेन्री व विंचेस्टर. १९८३ सालीं वणव्यानें तेथील गवत जळालें, आणि पुढील वर्षापासून झालेल्या उत्खननांत पुंगळ्या जागच्या जागीं सांपडून याचा पुरावा हातीं आला. कस्टरच्या पराभवाचें सर्व खापर बंदुकांवर फोडणें मात्र बरोबर होणार नाहीं. शत्रूच्या संख्येचा त्याचा अंदाजच चुकला होता.

आतां मुरडीकडे वळूं. नळींतल्या काडतुसांच्या रांगेंत प्रत्येकाची गोळी पुढच्याच्या बुडाला टेकलेली असते व पुढून त्यांस स्प्रिंगेचा दाब असतो. बार उडाला कीं बंदूक झटक्यानें मागें येते, रांग जडत्वामुळें जागींच राहूं पाहते, आणि स्प्रिंग तिला लगेच मागें लोटते. असा हिसका दर बारास बसतो, व प्रत्येक हिसक्यागणिक गोळी आपल्याच पुंगळींत आंत दडपली जाते. काळ्या दारूच्या काळीं याची फारशी फिकीर नव्हती. पुंगळी दारूनें गच्च भरलेली असे, गोळी त्या दारूवरच बसे, मग ती आंत जाणार कोठें? त्या वेळच्या ४४-४० च्या गोळीला मुरडीसाठीं खांचसुद्धां नसे. पुढें १८९० नंतर बिनधुराची दारू आली. ती थोडक्यांत पुष्कळ काम करी, म्हणून पुंगळी अर्धीमुर्धी रिकामी राहूं लागली आणि गोळीखालचा आधार गेला. सुधारणेनें एक पाऊल पुढें टाकलें कीं मागें राहिलेली एखादी बारीकशी वस्तु अशी एकाएकीं महत्त्वास चढते. गोळी आंत गेली तर दारूची जागा आकसते, दाब भलताच वाढतो, व बंदूक भरणाऱ्याच्या तोंडावर फुटण्याची भीति. तेवढ्यावर निभावलें तरी १८७३ च्या बंदुकींत काडतूस आंखूड झाल्यामुळें पुढचें काडतूस अर्धवट मागें घुसून सारी यंत्रणाच अडून बसते. समोर अस्वल असतां हें घडणें म्हणजे काय, तें वाचकांनींच कल्पावें!

म्हणून कारखानदारांनीं पुंगळीला गोळीच्या बुडाखालीं एक वळ पाडला, गोळीच्या कमरेला खांच दिली, व पुंगळीचा कांठ त्या खांचेंत वळवून बसविला. घरीं भरणाऱ्यास हें दिसतें तितकें सोपें नाहीं. सर्व पुंगळ्या एकाच लांबीच्या कापलेल्या असल्या पाहिजेत. लांब पुंगळीस मुरड अधिक बसते, आंखूड पुंगळीस बसतच नाहीं. जोर अधिक झाला कीं कांठाखालीं फुगवटा येऊन काडतूस नळींत शिरत नाहीं, आणि ४४-४० चें तोंड तर इतकें पातळ कीं तें चुरगळूनच जातें. शिवाय हेंच काडतूस कोल्टच्या पिस्तुलांतही चाले. तेथें हिसका उलटा. गोळी आंत जाण्याऐवजीं बाहेर ओढली जाते. एकाच मुरडीनें दोन्ही वाटा अडवावयाच्या असत.

गोळीचें टोंक बोथट ठेवावें लागे, हा या नळीचा दुसरा जाच. अणकुचीदार टोंक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आपटलें तर सगळी रांग हातांतच पेटावयाची. १८९८ सालीं फ्रेंचांनीं आपल्या लेबेल बंदुकीस टोंकदार गोळी दिली तेव्हां त्या बंदुकींतही नळीच होती. त्यांनीं काडतुसाच्या बुडावर टोपीभोंवतीं एक गोल चर पाडला, म्हणजे मागच्या गोळीचें टोंक त्यांत अडकून टोपीपासून दूर राहील. युक्ति चांगली, पण ठिगळाचीच. जॉन ब्राउनिंगनें १८९५ च्या विंचेस्टरमध्यें तरफ ठेवली व नळी काढून पेटी बसविली. रशियानें पहिल्या महायुद्धांत या बंदुका सुमारें तीन लाख घेतल्या.

शिकाऱ्यांनीं मात्र नळी सोडली नाहीं. न्यू हेवनचा विंचेस्टर बंदुकांचा कारखाना २००६ सालीं बंद पडला, आणि त्याच सुमारास नळींत चालेल अशी टोंकदार गोळी हॉर्नाडी कंपनीनें बाजारांत आणली. तिचें टोंक रबरासारख्या मऊ द्रव्याचें आहे. त्या गोळीलाही मुरडीची खांच आहे. ती जुन्या गोळ्यांहून निराळ्या जागीं आल्यामुळें ४५-७० च्या काडतुसांत ही गोळी बसवावयाची झाल्यास पुंगळीच थोडी कापून आंखूड करून घ्यावी लागते.