काचेतली पाती

पुण्यात वायरलेस सेट दुरुस्त करण्यात माझी 31 वर्षं गेली. पहिल्याच वर्षी एका सेटचा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, मी बदलला. मीटर लावून पाहिला, कॉन्टॅक्ट चोख. तरी रिले बंद असताना सिग्नल पलीकडे झिरपत होता. आमचे वरिष्ठ म्हणाले, "अरे, मीटर डीसी बघतो. रेडिओला उघडी फटसुद्धा वाट असते." मग कागदावर हिशेब मांडून दाखवला. फटीचा कपॅसिटन्स एक पिकोफॅरड धरला, तर 100 मेगाहर्ट्झला तिचा अडथळा जेमतेम 1,600 ओहम. उलट सेंटिमीटरभर सरळ तार त्याच फ्रिक्वेन्सीला सहा ओहम अडवते. तो कागद मी बरीच वर्षं जपला होता.

रिले मुळात तारायंत्रासाठी जन्मला. अमेरिकेत जोसेफ हेन्रीने 1835 मध्ये तो बनवला. दमलेला घोडा सोडून टप्प्यावर ताजा घोडा जोडायचा, त्या प्रथेवरून हे नाव आलं. आपल्या डाकचौकीवरही हेच चालायचं. त्या रिलेचे लांब हात आणि उघडे कॉन्टॅक्ट तारायंत्राला पुरेसे होते. पुढे धूळ आणि गंज नडू लागले.

खरी कमाल केली बेल लॅबच्या वॉल्टर एलवुडने, 1936 मध्ये. लोखंड-निकेलच्या दोन पातळ पात्या काचेच्या नळीत बंद केल्या, टोकं एकमेकांवर, मध्ये केसाएवढी फट. बाहेरून कॉइलचं चुंबकत्व आलं की पात्या आपसूक चिकटतात. ना बिजागरी, ना हवेचा स्पर्श. 1965 मध्ये न्यू जर्सीतल्या सकासुना इथे बेलचं पहिलं व्यावसायिक इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झालं, त्यात बोलणं जोडायला अशाच बंद पात्या होत्या.

रेडिओवाल्यांनी पुढची युक्ती केली. काचनळी आणि कॉइल यांच्यामध्ये धातूचं नळकांडं घातलं. आत पाती, बाहेर कवच, म्हणजे रिलेच्या पोटात 50 ओहमची कोअॅक्स केबल! माझ्या मते या धंद्यातली ही सगळ्यात सुंदर कल्पना आहे.

पण या कवचाचा केबलशी सांधा बिघडला की सगळं वाया. केबल जोडणारा बीएनसी कनेक्टर पॉल नील आणि कार्ल कॉन्सेलमन यांच्या नावांनी ओळखला जातो. पाव फेरा दिला की कवच चहूबाजूंनी पकडतं. आम्ही पोरं घाईत केबलची जाळी पिळून शेपटी करायचो आणि एका पिनला सोल्डर मारायचो. शेपटी म्हणजे पुन्हा नुसती तार, म्हणून वरिष्ठ ती कापून टाकायचे, पुन्हा करायला लावायचे.

घरातलं जुनं टेस्ट यंत्र भंगारात देण्याआधी एकदा उघडून बघा. आत बारीक काचनळी दिसली, तर फ्रिजवरचं चुंबक तिच्याजवळ न्या आणि कान लावा. टिक् आवाज आला, तर ती अजून कामाची आहे. काढून ठेवा.