हातावरून हातावर : देवीची लस आणि मातांचा आक्षेप

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सातपूर आज कारखान्यांचे उपनगर म्हणून परिचित आहे. १९६० नंतरच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहण्यापूर्वी ते नाशिक तालुक्यातील एक खेडे होते. तेथील कामगारवस्तीतील आई दीड महिन्याचे मूल लस टोचण्यास नेते, तेव्हा ताप किती येईल आणि बाळाला अंगावर पाजावे की नाही, हे प्रश्न ती सहज विचारते. आज त्यांना उत्तर मिळते. एकोणिसाव्या शतकात मात्र आयांच्या अशा शंकांची नोंद बहुधा ‘अज्ञान’ या सदरात होई. ती कितपत न्याय्य होती, हे त्या काळची टोचण्याची रीत पाहिल्यावाचून ठरविता येत नाही.

हिंदुस्थानात गोस्तन देवीची लस प्रथम यशस्वीपणे टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. व्हिएन्ना, बगदाद व बसरा या मार्गाने लस येथवर आली होती. ॲनाच्या दंडावर उठलेल्या फोडातील द्रव इतर मुलांना टोचण्यात आला, आणि तेथून ही साखळी पुणे, सुरत, मद्रास अशी पसरली. उष्ण हवेत लस टिकत नसे. मुलाचा दंड हेच तिचे भांडार. टोचल्यापासून आठव्या दिवशी टोचणारा परत येई, भरलेला फोड फोडी आणि त्यातील द्रव पुढच्या मुलांच्या दंडात घाली. असे वाहक मूल पैसे देऊन दुसऱ्या गावी नेण्याचा प्रघातही हिंदुस्थानात अनेक ठिकाणी होता. मराठीत ‘लस’ म्हणजे मुळात जखमेतून पाझरणारा द्रव, आणि टोचण्याच्या क्रियेला लोक म्हणत ‘देवी काढणे’. या शब्दांत त्या रीतीची आठवण राहिली आहे.

तेव्हा आईच्या दृष्टीने प्रसंग दोन होते. पहिल्यात बाळाला संरक्षण मिळे. दुसऱ्यात तापाने किरकिरणाऱ्या त्याच बाळाचा सुजलेला दंड परक्यांच्या उपयोगासाठी पुन्हा टोचला जाई, आणि त्यात बाळाचे हित काहीच नसे. शिवाय आपल्या मुलाच्या अंगात कोणाचे रक्त जाते, हा प्रश्न होताच. त्यात जातिभेदाची भावना मिसळलेली होती हे नाकारण्यात अर्थ नाही. देवीच्या कोपाचे भयही होते. तथापि तेवढ्याने आक्षेपाचा उलगडा होत नाही.

कारण भीतीचा एक भाग वैद्यकीयदृष्ट्या खरा होता. इटलीतील रिवाल्ता गावी १८६१ मध्ये एका मुलाच्या फोडातील द्रवापासून सुरू झालेल्या टोचणीत ६३ पैकी ४६ मुलांना उपदंश जडला, आणि अंगावर पाजताना तो काही मातांनाही झाला. दोष गोस्तन देवीचा नव्हता. ती ज्या वाटेने आली त्या वाटेचा होता. हिंदुस्थानात याच वाटेने महारोग पसरेल अशी धास्ती डॉक्टरांनाही होती.

मध्यप्रांतातील, म्हणजे नागपूरकडील, नगरपालिका ज्याच्या कक्षेत येत त्या १८८० च्या लसटोचणी कायद्यात याची अप्रत्यक्ष कबुली सापडते. सहा महिन्यांवरील मुलाला टोचून घेण्याची सक्ती करणाऱ्या या कायद्याने दुर्बल वा आजारी मुलासाठी तहकुबीचा दाखला ठेवला. जेथे मानवी लस विहित असेल, पण जनावराची लस मिळण्याजोगी असेल, तेथे पालकाला ती मागता येई. मात्र तीसाठी कमाल एक रुपयापर्यंत शुल्क भरावे लागे. सक्ती सर्वांवर, आणि निर्धोक वाट ज्याच्या गाठी रुपया त्याला! मजूर कुटुंबाला ही रक्कम सहज परवडणारी नव्हती.

नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर १८८३ साली प्रसिद्ध झाले. त्या मालिकेतील लसटोचणीच्या कोष्टकांत लिंग, धर्म आणि वय, एक वर्षाखालील व वरील, अशी वर्गवारी असते. टोचल्यानंतर मुलाचे काय झाले, याला रकाना नाही. सातपूरसारख्या खेड्यातील आईची शंका जेथे नोंदली जावी ती जागा दप्तरात नव्हतीच, आणि इतिहासकाराला तिचा आवाज मिळत नाही याचे एक कारण हेच.

पुढे रेड्याच्या व वासराच्या अंगावर तयार केलेली, ग्लिसरीन घातलेली लस रूढ झाली आणि मुलाचा दंड भांडार राहिला नाही. इंग्लंडमध्ये हातावरून हातावर टोचणे १८९८ मध्ये बंद झाले. देवीचा भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटना नोंदविण्याची व्यवस्था आता आहे, आणि एकदाच वापरता येणारी सुई आहे. वाटेचा धोका तरीही संपत नाही. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे जंतुनाशक पाजले गेले. लस तेथे नव्हतीच.

त्याच महिन्यात, १६ जानेवारीला, कोविडची लस देण्यास आरंभ झाला होता. स्तनदा माता तीतून वगळलेल्या होत्या, कारण चाचण्यांत त्यांना घेतलेच नव्हते. त्यांना अनुमती मिळाली १९ मे रोजी. गर्भवतींना २ जुलै रोजी.